क्रीडांगणावरून : गुणांचें कोष्टक आणि क्लबाचें आयुष्य

फुटबॉलच्या साखळी सामन्यांचा हंगाम चालूं असला म्हणजे वर्तमानपत्राच्या खेळांच्या पानावर आंकड्यांचें एक लहानसें कोष्टक येतें. घरांतील वडील मंडळी त्यावरून नुसती दृष्टि फिरवून पुढें जातात. परंतु त्याच घरांतील बारा-चौदा वर्षांचीं मुलें, आणि अलीकडे मुलीहि, तें कोष्टक पंचांग पाहावें तितक्या बारकाईनें पाहत असतात. कोणता संघ वर चढला, कोणता घसरला, अमक्याचे अजून किती सामने उरले, याची तोंडी बेरीज-वजाबाकी जेवतांना चालते आणि आजोबांस किंवा काकूंस त्यांतलें कांहींच उमगत नाहीं. तेव्हां या महिन्यांत त्या कोष्टकाचीच थोडी ओळख करून घ्यावी, आणि नवी मुंबईंत नेरूळच्या मैदानावर ज्याचें बालपण गेलें त्या 'मुंबई सिटी' क्लबाच्या इतिहासावरून हें कोष्टक काय सांगतें व काय सांगत नाहीं तें पाहावें, असें योजिलें आहे.

कोष्टक वाचणें मुळींच कठीण नाहीं. प्रथम संघाचें नांव. मग खेळलेले सामने, त्यांतील विजय, बरोबऱ्या व पराभव. नंतर केलेले गोल, अंगावर झालेले गोल व त्या दोहोंमधील फरक. आणि सर्वांत शेवटीं गुण. विजयास तीन गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य. ज्याचे गुण अधिक तो वर. एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे नातवंडांच्या संभाषणांत भाग घेण्याइतकी विद्या पदरीं पडली असें समजावें.

या कोष्टकाचा जन्म मात्र निव्वळ खेळाच्या प्रेमांतून झालेला नाहीं; तो जमाखर्चाच्या वहींतून झालेला आहे. इंग्लंडांत १८८५ सालीं खेळाडूंस पगार देण्यास मान्यता मिळाली. पगार नियमानें द्यावयाचा आणि सामने मात्र बेभरंवशाचे, अशी क्लबांची ओढाताण सुरू झाली. ठरलेला सामना ऐन वेळीं रद्द होई आणि त्याबरोबर त्या दिवसाचें उत्पन्नहि बुडे. बर्मिंगहॅम येथील कापडाचे व्यापारी विल्यम मॅकग्रेगर हे ॲस्टन व्हिला क्लबाच्या चालकांपैकीं एक होते. निवडक क्लबांनीं एकत्र यावें, प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदां आपल्या व एकदां त्याच्या मैदानावर खेळावें, आणि तारखा आगाऊ बांधून घ्याव्या, अशी सूचना त्यांनीं १८८८ च्या मार्च महिन्यांत पत्रानें केली. त्याच वर्षीं बारा क्लबांची पहिली लीग सुरू झाली. प्रत्येकास २२ सामने आले. प्रेस्टन नॉर्थ एंड या संघानें त्यांतील १८ जिंकले, ४ बरोबरींत सोडविले व एकहि गमावला नाहीं.

त्या काळीं विजयास दोनच गुण असत. त्यामुळें एक सामना जिंकून दुसरा हरणारा आणि दोन्ही सामने सावधपणें बरोबरींत सोडविणारा हे दोघे सारखेच ठरत. इंग्लंडनें १९८१ सालीं विजयाचे तीन गुण केले. जागतिक करंडकाच्या सामन्यांत ही रीति १९९४ पासून आली. आतां पहिल्यास तीन गुण मिळतात व दुसऱ्यास दोनच. गणितांतील एवढ्याशा फेरफारानें खेळाची वृत्ति पालटली. हातचें राखून बसणाऱ्यापेक्षां धोका पत्करून पुढें धांवणाऱ्यास अधिक फळ मिळूं लागलें.

आपल्याकडे मुंबईकरांस फुटबॉलचा पहिला लळा लागला तो साखळीचा नव्हे, तर बाद पद्धतीचा. १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकाचे सामने कूपरेजच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या रंगले. आरंभीं तो करंडक गोऱ्या पलटणींच्या हातांत असे. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स हा तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. बाद पद्धतींत एका दुपारीं दैव फळफळलें तर दुबळा संघहि बलाढ्यास घरीं पाठवितो. साखळींत ती सोय नाहीं. तेथें पावसाच्या दिवशींचा, थकल्या अंगाचा, मुख्य खेळाडू आजारी असतांना झालेला सामनाहि कोष्टकांत मोजला जातो. बाद पद्धति म्हणजे एका दिवसाची परीक्षा. साखळी म्हणजे वर्षभराची हजेरी.

आतां मुंबई सिटीकडे वळूं. २०१४ सालीं 'इंडियन सुपर लीग' ही नवी साखळी आठ संघांनिशीं सुरू झाली. मुंबईच्या नांवाचा संघ त्यासाठींच त्या वर्षीं उभा करण्यांत आला. चित्रपट-अभिनेते रणबीर कपूर व हिशेबतज्ज्ञ बिमल पारेख हे त्याचे मालक. नांव मुंबईचें असलें तरी घर नेरूळला, डी. वाय. पाटील क्रीडांगणांत होतें. पहिला सामना कलकत्त्यास ०–३ असा हरून आलेला हा संघ १८ ऑक्टोबर २०१४ रोजीं नेरूळला पुण्याच्या संघाविरुद्ध उतरला आणि ५–० असा जिंकला. ब्राझिलच्या आंद्रे मोरित्झनें त्या दिवशीं तीन गोल केले. त्या लीगमधील एका सामन्यांतील तीन गोलांचा तो पहिलाच पराक्रम. पुढल्या वर्षीं, २८ ऑक्टोबर २०१५ रोजीं, त्याच मैदानावर सुनील छेत्रीनें ईशान्येकडील संघाविरुद्ध तीन गोल केले, आणि असें करणारा तो त्या लीगमधील पहिला भारतीय ठरला.

असे दोन पराक्रम नेरूळकरांनीं डोळ्यांनीं पाहिले. पण कोष्टक काय म्हणालें? पहिल्या वर्षीं आठांमध्यें सातवा, दुसऱ्या वर्षीं सहावा. निकोला अनेल्का, फ्रेडी ल्युंगबर्ग असे जगाला ठाऊक असलेले खेळाडू संघांत असूनहि ही गत. एका सामन्यांत पांच गोल करून मिळणारे गुण तीनच. पुढच्या आठवड्यांत तोच संघ हरला तर कालची रोषणाई कोष्टकाच्या लेखीं विझलेली असते. २०१६ सालीं क्लबानें आपलें बिऱ्हाड अंधेरीच्या मैदानावर हलविलें आणि त्याच वर्षीं १४ सामन्यांत २३ गुण मिळवून तो कोष्टकाच्या शिरोभागीं गेला. तथापि लीगचे विजेतेपद त्या काळीं शेवटच्या बाद सामन्यांवर ठरे, आणि उपांत्य फेरींत कलकत्त्याच्या संघानें त्याला बाहेर काढलें.

नोव्हेंबर २०१९ मध्यें 'सिटी फुटबॉल ग्रूप' या, मँचेस्टर सिटी हा विलायतेंतील बलाढ्य क्लब चालविणाऱ्या मंडळीनें मुंबई सिटीचा शेंकडा ६५ हिस्सा विकत घेतला. पैसा आला, शिक्षक आले, शिस्त आली. पुढील तीन हंगाम कोष्टक वाचावयास शिकणाऱ्यानें मुद्दाम अभ्यासावे असे आहेत.

पहिला २०२०-२१ चा. २० सामन्यांअखेर मुंबई सिटीचे ४० गुण आणि मोहन बागानचेहि ४० गुण; इतकेंच नव्हे, तर दोघांचे १२ विजय, ४ बरोबऱ्या व ४ पराभव. मग ढाल कोणास द्यावयाची? नियम असा कीं समान गुण असल्यास त्या दोघांतील परस्पर सामने पाहावे. मुंबईनें ते दोन्ही जिंकले होते; त्यांतला दुसरा तर साखळीच्या शेवटच्या दिवशीं, २–० असा. पुढें १३ मार्च २०२१ रोजीं अंतिम सामन्यांत त्याच प्रतिपक्षाविरुद्ध अगदीं अखेरच्या क्षणीं बिपिन सिंगनें गोल केला आणि २–१ अशा विजयानें करंडकहि मुंबईस मिळाला. परंतु एक गोष्ट कोष्टकांत कोठेंहि लिहिलेली नाहीं. महामारीमुळें तो सबंध हंगाम गोव्यांत, रिकाम्या प्रेक्षागारांत खेळला गेला. मुंबईनें दोन्ही सन्मान ज्या वर्षीं मिळविले, त्या वर्षीं मुंबईंत एकहि सामना झाला नाहीं.

दुसरा २०२२-२३ चा. या हंगामांत मुंबई सिटी पहिले १८ सामने एकदांहि हरली नाहीं. शेवटचे दोन हरूनहि तिचे २० सामन्यांत ४६ गुण व ५४ गोल झाले. ढाल मिळाली, पण नंतरच्या बाद फेरींत बंगलोरच्या संघाशीं दोन सामने मिळून बरोबरी झाली आणि पेनल्टी किकांवर ९–८ असा पराभव होऊन करंडक हातचा गेला. तिसरा २०२३-२४ चा, आणि तो नेमका याच्या उलट. शेवटच्या सामन्यांत नुसती बरोबरी केली असती तरी ढाल मुंबईची होती. १५ एप्रिल २०२४ रोजीं कलकत्त्यास मोहन बागाननें २–१ असें हरविलें आणि ४८ विरुद्ध ४७ अशा एका गुणानें ढाल त्यांच्याकडे गेली. मुंबईच्या खेळाडूंनीं मनांत काय म्हटलें असेल तें असो. पुरते तीन आठवडेहि लोटले नाहींत तोंच, ४ मे रोजीं, त्याच मैदानावर, त्याच प्रतिपक्षास ३–१ असें हरवून त्यांनीं करंडक घेतला. तो उचलणारा कर्णधार राहुल भेके हा मुंबईंतच जन्मलेला. ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें आशियाई चँपियन्स लीगमध्यें इराकच्या वायुदल संघास २–१ असें हरवितांना डोक्यानें निर्णायक गोल मारणाराहि तोच. त्या स्पर्धेच्या गटसाखळींत भारतीय क्लबानें मिळविलेला तो पहिलाच विजय होता.

येथवरची कथा ऐकून कोणासहि वाटेल कीं, ज्याचें कोष्टकांत इतकें उत्तम चाललें आहे त्या क्लबाच्या आयुष्याची काय चिंता? पण कोष्टकाच्या पोटीं जो एक रकाना नाहीं तो येथेंच पाहावा लागतो : हा क्लब कोणाचा?

मुंबईस या प्रश्नाचें उत्तर दोनदां कडूपणानें मिळालेलें आहे. महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ पासूनचा. पुढें 'महिंद्र युनायटेड' या नांवानें त्यानें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली आणि त्याच हंगामांत फेडरेशन करंडकहि. देशांतील पहिल्या क्रमांकाचा हा संघ २०१० सालीं बंद झाला. तो कोष्टकांत तळाला गेला म्हणून नव्हे. कंपनीनें आपलें लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवावयाचें ठरविलें म्हणून. निर्णय ज्याचा त्यास शोभणारा असेल. पण ज्या मुलांनीं त्या संघाचे रंग आपले मानले होते त्यांना विचारावयास कोणी गेलें नाहीं, कारण विचारण्याजोगें नातेंच नव्हतें.

दुसरें उदाहरण 'मुंबई एफसी' या क्लबाचें. तो २००७ सालीं स्थापन झाला. महिंद्रकडून खेळलेले खालिद जमील हे २००९ पासून २०१६ पर्यंत त्याचे शिक्षक होते. थोड्या पैशांत त्यांनीं संघ वर्षानुवर्षें वरच्या श्रेणींत टिकविला. ते गेले, आणि २०१६-१७ मध्यें मुंबई एफसी तळाशीं जाऊन खालीं ढकलला गेला व त्याबरोबर मिटलाच. आणि त्याच हंगामांत, त्याच लीगमध्यें विजेता कोण झाला? मिझोरामच्या डोंगरांतील ऐजॉल क्लब. शिक्षक, तेच खालिद जमील! गंमत अशी कीं, आदल्या वर्षीं हाच ऐजॉल खालच्या श्रेणींत गेला होता आणि गोव्याच्या कांहीं क्लबांनीं अंग काढून घेतल्यामुळेंच त्याला परत घेण्यांत आलें होतें. खालीं गेल्यावर ऐजॉल जगला व मुंबई एफसी संपला. एकामागें सबंध गांव उभा होता. दुसऱ्यामागें, कोटीच्या वस्तींतहि, मूठभर निष्ठावंतांपलीकडे कोणी नव्हतें. ऑगस्ट २०२५ मध्यें खालिद जमील यांची भारतीय संघाचे मुख्य शिक्षक म्हणून नेमणूक झाली, हेंहि येथेंच नमूद करणें योग्य.

मुंबई सिटीवरहि वाऱ्याची झुळूक येऊन गेलीच. जुलै २०२५ मध्यें लीगच्या चालकांनीं पुढील करार ठरत नाहीं म्हणून नवा हंगाम स्थगित ठेविला. क्लबांचे खेळाडू महिनोन्‌महिने सामन्यांवांचून राहिले. आणि डिसेंबर २०२५ मध्यें सिटी फुटबॉल ग्रूपनें मुंबई सिटींतील आपला हिस्सा सोडला. सहा वर्षांत दोन ढाली व दोन करंडक ज्या कारकिर्दींत आले, तीहि अशी आटोपली. कोष्टकांत यासाठीं उणे गुण नसतात.

याच्या समोर मोहन बागानचें उदाहरण ठेवावें. हा क्लब १८८९ सालचा. १९११ सालीं त्याच्या खेळाडूंनीं, बहुतेकांनीं अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, ती हकीकत बंगाली घरांत आजहि आजोबा नातवांस सांगतात. २०२० सालीं या क्लबाचा फुटबॉल-विभाग एका उद्योगपतीच्या संघांत विलीन झाला आणि 'मोहन बागान' या नांवापुढें परक्या संघाचीं तीन अक्षरें लागलीं. पाठीराख्यांनीं हट्ट धरला, निषेध केला, आणि २०२३ सालीं तीं अक्षरें काढून टाकावीं लागलीं. हिस्सा मालकाचा खरा. पण नांव लोकांचें, हें मालकासहि मान्य करावें लागलें. एकत्र कुटुंबांत कमावता पुरुष एक असला तरी घराण्याचें नांव सर्वांचें असतें. तें विकावयास काढलें तर घरांतील धाकट्या मुलासहि तोंड उघडण्याचा अधिकार पोंचतो. जुन्या क्लबांचें बळ याच अधिकारांत असतें.

नवी मुंबई हें शहर वयानें लहान. सिडकोची स्थापनाच १९७० सालची. येथें वडिलोपार्जित क्लब असणार कोठून? जगाचे मोठमोठे सामने मात्र येथें होऊन गेले. २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक करंडकाचा उपांत्य सामना नेरूळला झाला. स्पेननें मालीस ३–१ असें हरविलें. ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं त्याच वयाच्या मुलींच्या जागतिक करंडकाचा अंतिम सामना येथेंच झाला आणि स्पेननें कोलंबियास १–० असें हरविलें. त्याच वर्षाच्या आरंभीं आशियाई महिला करंडकांत चीननें दोन गोलांची पिछाडी भरून काढून दक्षिण कोरियास ३–२ असें जिंकलें, तेंहि येथेंच. आपल्या मुलींना मात्र संघांत रोगाची सांथ शिरल्यामुळें याच स्पर्धेंतून एकच सामना खेळून बाहेर पडावें लागलें. ६ नोव्हेंबर २०२३ रोजीं सौदी अरेबियाचा अल हिलाल संघ येथें मुंबई सिटीशीं खेळून २–० असा जिंकून गेला. पाहुणे थोर आले व गेले. घरचा म्हणावा असा मोठा संघ मात्र २०१५ नंतर नेरूळास राहिला नाहीं.

म्हणून मुलांस कोष्टकापासून परावृत्त करावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. फुटबॉलचा धंदा करूं पाहणाऱ्या मुलाच्या पालकांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं क्लबाचा करार हा वर्षा-दोन वर्षांचा असतो, आणि क्लबाचें आयुष्यहि, वर पाहिल्याप्रमाणें, कधीं कधीं खेळाडूच्या कारकिर्दीपेक्षां लहान ठरतें. तेव्हां खेळाबरोबर विद्याहि चालूं राहील अशी व्यवस्था पाहावी. घणसोलीनजीक रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल शाळा २०१५ पासून चालूं आहे व तेथें मुलांस शिक्षणहि दिलें जातें. अशाच जोड-व्यवस्थेचा आग्रह पालकांनीं सर्वत्र धरावा.

आणि ज्यांस धंदा करावयाचा नाहीं त्यांच्यासाठीं एक सोपा उपाय आहे. आपल्याच उपनगरांतील आठ वसाहतींचे किंवा शाळांचे आठ संघ घ्यावे. प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदां खेळावें म्हटल्यास एकंदर २८ सामने होतात. दर रविवारीं चार खेळविले तर सात रविवारांत साखळी पुरी होते. मुलींचे संघहि त्याच दिवशीं, त्याच मैदानावर खेळावे. खर्च चेंडूंचा, शिट्टीचा व चुन्याचा. पंचाचें काम कोणी काकांनीं पत्करावें, हिशेब कोणी आजीनें ठेवावा, आणि कोष्टक दर रविवारीं संध्याकाळीं वसाहतीच्या फलकावर मुलांनींच लिहावें. पहिल्या वर्षीं जो संघ तळाशीं राहील त्यास दुसऱ्या वर्षीं आवर्जून बोलवावें. किंबहुना अशा संघाचे खेळाडू व पाठीराखे दुसऱ्या वर्षीं परत आले, तरच साखळीनें मूळ धरलें असें समजावें. मुंबई-ठाण्याच्या गणेशोत्सवमंडळांनीं पिढ्यान्‌पिढ्या वर्गणीवर उत्सव टिकविलेले आहेत. वर्गणी देणारा माणूस त्या मंडळास आपलें म्हणतो, आणि आपलें म्हटलेलें तो सहसा बंद पडूं देत नाहीं. फुटबॉलचा क्लबहि या रीतीनें उभा राहूं शकेल. पावसाळा सरला कीं मैदानें मोकळीं होतात; कार्तिकांतला एखादा रविवार आरंभास उत्तम.